खेळाचें मोल आणि त्याचा गाजावाजा

मनुष्य अन्नावांचून जगत नाहीं, आणि खेळावांचून जगलेला समाजहि इतिहासांत आढळत नाहीं. तेव्हां खेळासाठीं पैसा खर्चावा कीं नाहीं, हा वादाचा विषयच नव्हे. किती खर्चावा व कोणाच्या सांगण्यावरून खर्चावा, हा खरा प्रश्न होय. २०२० सालीं प्लेस्टेशन ५ बरोबर आलेल्या कांहीं व्हिडिओ गेमची भारतांतील किंमत ४,९९९ रुपये ठरली, आणि मुलांच्या हट्टाला तोंड देणाऱ्या आईबापांना हा प्रश्न विशेष टोंचूं लागला. त्याचा निर्णय करण्यापूर्वीं या धंद्याचा इतिहास पाहणें इष्ट आहे.

अमेरिकेंतील अटारी कंपनीनें १९७२ सालीं ‘पाँग’ हा खेळ काढला. नाणें टाकावें, खेळावें आणि आवडल्यास पुनः नाणें टाकावें, असा तो रोखठोक व्यवहार होता. दहा वर्षांत स्थिति पालटली. १९८२ च्या नाताळासाठीं त्याच कंपनीनें एका गाजलेल्या चित्रपटावरून ‘ई. टी.’ हा खेळ सुमारें पांच आठवड्यांत तयार करविला. डांगोरा मोठा पिटला गेला. खेळ नीरस निघाला. अटारीचा न खपलेला माल १९८३ सालीं न्यू मेक्सिकोंतील आलामोगोर्डो येथें पुरण्यांत आला, आणि २०१४ च्या उत्खननांत त्यांतील कांहीं पुनः हातीं लागला. दोष एकट्या या खेळाचा नव्हता. निकृष्ट मालाच्या सुळसुळाटानें ग्राहकाचा विश्वासच उडाला आणि अमेरिकेंतील हा धंदा कोसळला. १९८५ पासून निन्टेन्डोनें तो पुनः उभा केला, तो बाहेरच्या प्रकाशकांवर वर्षाला पांच खेळांची मर्यादा घालून.

किंमतीपुरतें पाहतां कंपन्यांची बाजू अगदींच लंगडी नाहीं. २००५ च्या सुमारास अमेरिकेंत मोठ्या खेळाची किंमत साठ डॉलर झाली; २०२० मध्यें ती सत्तरांवर गेली, आणि २०२५ सालीं ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ऐशीं डॉलरांना आला. परंतु महागाईचा हिशेब केल्यास २००५ चे साठ डॉलर म्हणजे २०२५ चे जवळजवळ शंभर होत. मात्र हें गणित तेथील पगाराचें आहे. आमच्याकडील मास्तराच्या वा कारकुनाच्या घरीं त्याच आंकड्याचें वजन निराळें पडतें.

गाजावाज्याचें समर्थन मात्र आम्हांस करवत नाहीं. पोलंडमधील सीडी प्रॉजेक्ट कंपनीनें २०१२ सालीं जाहीर केलेला ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. ऐंशी लाखांहून अधिक लोकांनीं तो न पाहतांच मागवून ठेविला होता. जुन्या यंत्रांवर तो धड चालेना. सुमारें आठवड्याभरांत सोनीनें तो आपल्या दुकानांतून काढला, तो जून २०२१ पर्यंत परत आला नाहीं. पुढें त्याची चांगली डागडुजी झाली, हें खरें. परंतु डागडुजीच्या आधींच दाम वसूल झाला होता.

आमच्या गोंदिया जिल्ह्यांतील वाचकांना याचें मर्म समजावयास परदेशीं जावें लागत नाहीं. गोंदिया, भंडारा, गडचिरोली व चंद्रपूर या झाडीपट्टींत दिवाळीनंतर मंडई भरते, दिवसा शंकरपट होतो आणि रात्रभर नाटक रंगतें. वडशाच्या नाटकमंडळ्या जाहिरात करीत नाहींत असें नव्हे. भोंगे आणि रंगीत फलक तेथेंहि आहेत. पण मंडळीला पुढच्या वर्षीं त्याच पंचक्रोशींत उभें राहावयाचें असतें. पडलेलें नाटक गांव विसरत नाहीं. ही लोकस्मृतीच तेथील तिकिटाची जामीनदार होय.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळीचा ‘राजी’ हा खेळ या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. २०१७ सालीं त्यासाठीं मागितलेली लोकवर्गणी पुरी जमली नाहीं. तरी ऑगस्ट २०२० मध्यें तो प्रसिद्ध झाला आणि त्या वर्षीं पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं जागतिक यादींत आला. तो लहान आहे, शेवट तुटक आहे, असे आक्षेप निघाले. पण ते खेळून झालेल्यांचे होते.

तात्पर्य, चांगल्या खेळाला चांगला दाम देण्यांत उधळेपणा नाहीं. त्यामागें शेंकडों कारागिरांचीं वर्षें असतात. उधळेपणा आहे तो न पाहिलेल्या वस्तूचा दाम आगाऊ देण्यांत. घरांतील वडील माणसांनीं मुलाला सरसकट नकार देऊं नये; चार महिने थांबावयास सांगावें. तितक्या काळांत डांगोरा विरतो, किंमत पुष्कळदां उतरते, आणि खेळ खरा असेल तर तो तेव्हांहि खराच राहतो.