कायद्याच्या नजरेत ‘व्यक्ती’ कोण?

मोबाइलमधल्या त्या बोलणाऱ्या ‘एआय’ला उद्या माणसासारखे हक्क द्यायचे का, अशी चर्चा हल्ली कानावर येते. हसू येतं खरं. पण कायद्यातली ‘व्यक्ती’ हाडामांसाचीच असते, असं काही नाही.

देवाच्या नावावरचा सातबारा आपण पाहिलेलाच आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातल्या देवमूर्तीचा वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. इंग्रजांच्या राज्यात आपलं सगळ्यात वरचं कोर्ट तेच. मूर्ती ही कायद्यानं व्यक्ती आहे आणि तिची बाजू कोर्टात मांडली गेली पाहिजे, असं त्यांनी १९२५ साली मानलं. कंपनीचंही तसंच. तिच्या नावानं करार होतात, कर्ज निघतं.

आता पुढचं ऐका. कॅनडाच्या सिनेटवर ‘पात्र व्यक्ती’ नेमायच्या, असा तिथला कायदा होता. त्यात बाई येते का, असं पाच बायकांनी विचारलं. १९२८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नाही येत. मग दाद मागितली ती त्याच प्रिव्ही कौन्सिलकडे. १८ ऑक्टोबर १९२९ ला निकाल लागला की बाईसुद्धा ‘व्यक्ती’च. म्हणजे मल्लिकांच्या मूर्तीनंतर चार वर्षांनी!

हे जुनं झालं म्हणावं, तर ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियानं सोफिया नावाच्या यंत्रबाईला नागरिकत्व जाहीर केलं. तिथल्या खऱ्या बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली जून २०१८ मध्ये.

त्याच २०१७ साली युरोपच्या संसदेनं एक ठराव केला. स्वतः निर्णय घेणाऱ्या यंत्रांना ‘इलेक्ट्रॉनिक व्यक्ती’ मानून नुकसानभरपाई त्यांच्यावर टाकता येईल का, याचा विचार व्हावा, असं त्यात होतं. पुढच्या वर्षी अनेक जाणकारांनी पत्र लिहून विरोध केला. आम्हालाही तो पटतो. यंत्राकडून भरपाई घ्यायची, तर यंत्र बनवणारा मोकळाच सुटला की!

आपल्या बचत गटाचंच बघा. नोंदणी नसली तरी गटाच्या नावानं बँकेत खातं निघतं, १९९३ पासून तशी सोय आहे. पण सह्या आपल्या असतात. हप्ता थकला की बँकेचा माणूस आपल्याच दारात येतो, ‘गट’ नावाच्या कुणाला शोधत फिरत नाही.

यंत्राला खरंच दुखायला-खुपायला लागलं, तर त्याच्या हक्कांचा विचार जरूर करू. तोवर एखाद्या बाईचा कर्जाचा अर्ज यंत्रानं नाकारला, तर त्यामागच्या माणसाचं नाव आणि सही आम्हाला कागदावर हवी.