संघटना कोणाची? अमेरिकेतील महिला बास्केटबॉलचे प्रशिक्षक

‘विमेन्स बास्केटबॉल कोचेस असोसिएशन’ या अमेरिकन संस्थेचे नाव मी आधी ‘महिला प्रशिक्षकांची बास्केटबॉल संघटना’ असे मराठीत आणले होते. ते चूक होते. नावातला ‘महिला’ हा शब्द खेळाचा आहे, प्रशिक्षकांचा नाही. महिलांचे संघ घडवणाऱ्या पुरुषांनाही तिचे सभासदत्व खुले आहे. मात्र एके काळी या दोन अर्थांत फारसा फरक नव्हता. तो कसा पडला, हे पाहण्यासारखे आहे.

१८९३ साली स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा पहिला आंतरवर्गीय सामना भरवला, तेव्हा पुरुषांना प्रेक्षक म्हणूनही प्रवेश नव्हता. पुढची कित्येक दशके मुलींचा खेळ शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिकांच्याच हाती राहिला. १९७१ साली महाविद्यालयीन स्पर्धांसाठी स्त्रियांनी चालवलेली ‘एआयएडब्ल्यू’ ही संस्था उभी राहिली.

१९७२ साली ‘टायटल नाइन’ कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी झाली. त्या वेळी महाविद्यालयांतील महिला संघांचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. पण कामाला मान नव्हता आणि दामही नव्हता. पुढे पॅट समिट म्हणून गाजलेल्या पॅट हेड १९७४ साली बाविसाव्या वर्षी टेनेसी विद्यापीठात प्रशिक्षक झाल्या. पगार महिना २५० डॉलर. खेळाडूंचे कपडे धुणे आणि गाडी हाकणेही त्यांच्याकडेच.

कायद्यामुळे पैसा आला आणि त्यामागून पुरुषांची बलाढ्य संस्था ‘एनसीएए’ आली. महिलांच्या स्पर्धा आपणच घेणार, असे तिने १९८१ साली ठरवले. प्रशिक्षकांची संघटना स्थापन झाली ती याच वर्षी. बेटी जेन्स तिच्या पहिल्या कार्यकारी संचालक. १९८२ च्या मार्चमध्ये दोन्ही संस्थांच्या स्वतंत्र अंतिम लढती झाल्या. त्यानंतर एआयएडब्ल्यूचे दार बंद झाले.

क्रीडाविभाग एकत्र झाले, बहुतेक ठिकाणी सूत्रे पुरुष संचालकांकडे गेली. पगार वाढले, तसे पुरुष उमेदवारही वाढले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सर्व खेळांतील महिला संघांच्या स्त्री प्रशिक्षकांचे प्रमाण निम्म्याखाली आले. बास्केटबॉलमध्ये ते साठ टक्क्यांच्या आसपास टिकले. वाढलेल्या पगारातही समानता नव्हती. राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेल्या मेरियन स्टॅन्ली यांनी पुरुष संघाच्या प्रशिक्षकाइतके वेतन मागितले, १९९३ साली दावा लावला आणि त्या हरल्या.

संघटनेने वार्षिक अधिवेशने भरवली, नवोदितांना मार्गदर्शन दिले, नियमांच्या चर्चेत प्रशिक्षकांचे म्हणणे मांडले. नेमणुकीचा अधिकार मात्र विद्यापीठांकडेच राहिला. मुलींना खेळायची संधी देणाऱ्या बदलातच त्यांच्या शिक्षिकांची जागा आक्रसत गेली.

आता मी नाव ‘महिला बास्केटबॉलच्या प्रशिक्षकांची संघटना’ असे लिहितो. भाषांतर अचूक आहे, पण १९७२ साली माझी चूक कोणाच्या ध्यानातही आली नसती.