गवत आपोआप येत नाही

भिवंडी म्हटले की आज यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. भिवंडीसह जुन्या ठाणे जिल्ह्याचे एक मोठे पीक मात्र आपण विसरलो: डोंगरउतारावरचे गवत. खाली भाताची खाचरे, वर वरकस जमीन, अशी इथली शेती. वरकसावर नाचणी-वरी होई, राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, पाला मिळे आणि बाकी रानात गवत वाढे. वरकसाचा सारा खाचरापेक्षा कमी असे. त्यामुळे गवत म्हणजे फुकटची उपज, हा समज रुजला. तो चुकीचा तर आहेच, शिवाय अन्यायाला पोसणारा ठरला.

जे कोणी पेरत नाही ते पीक कसे, असे कोणी विचारील. त्याने कुसळी पाहावी. हे बहुवर्षायू गवत. त्याचा ठोंब उन्हाळा काढतो आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतो. तुऱ्यावरचे प्रत्येक कुसळ ओले-कोरडे होताना पीळ सोडते, पीळ घेते आणि टोकाचे बी मातीत रुतवते. तेच पिकलेले कुसळ गुरांच्या तोंडात टोचते. म्हणून चाऱ्यासाठी ते पिकण्याआधी कापायचे, पण बी पडावे म्हणून थोडे रान राखायचेही. पावसाळ्यात गुरे आत शिरू द्यायची नाहीत, वणवा लागू द्यायचा नाही, कापलेले गवत दवापावसातून वाचवून वाळवायचे. राखण, कापणीची नेमकी वेळ आणि वाळवण ही कामे शेतीची नव्हेत, असे कसे म्हणावे?

या गवताला गिऱ्हाईक होते मुंबई. १८७४ पासून पुढची काही दशके तिथल्या ट्रामही घोडे ओढत. शिवाय घोडागाड्या आणि म्हशींचे तबेले होतेच. यावर दुसरा आक्षेप येतो: या धंद्याचे गोडवे कशाला, सावकार-जमीनदारांनी तो आदिवासींच्या वेठीवर उभा केला होता ना? आक्षेप खरा आहे, आणि माझे म्हणणे त्यानेच बळकट होते. गवत आपोआप येते असे एकदा ठरले की कापणाऱ्याच्या घामालाही मोल उरत नाही. १९४५ च्या वारली आदिवासींच्या लढ्यात ५०० पौंड गवत कापण्याला अडीच रुपये ही मागणी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात जुन्या ठाणे जिल्ह्यातल्याच तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात ५ जण मारले गेले. फुकटच्या मालाच्या मजुरीसाठी माणसे प्राण देत नाहीत. गवताळ माळ आजही अनेकदा पडीक म्हणूनच मोजले जातात. अशा माळावर गोदाम बांधताना जमिनीचा भाव ठरतो. त्या हिशेबात गवताचे उत्पन्न आणि ते राखणाऱ्यांचे श्रमही धरले पाहिजेत.