हिवाळ्यात तबेल्यातील घोड्याची झूल: कधी घालावी, कधी काढावी

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि खानदेशात थंडीही त्याच दिवसांत वाढते. नवा घोडा घरी आणला की पहिल्याच रात्री प्रश्न पडतो, याच्या अंगावर झूल टाकायची का? बहुतेक जण टाकतात. आपल्याला घोंगडी लागते, म्हणजे घोड्यालाही लागत असेल, असा हिशोब असतो. पण घोड्याचे शरीर थंडीशी वेगळ्या पद्धतीने झुंजते. आपल्याकडे हिवाळ्यात दिवसा ऊन तापते आणि रात्री पारा घसरतो. अशा हवामानात झूल घालण्यापेक्षा ती वेळेवर काढण्याकडेच जास्त लक्ष द्यावे लागते.

घोड्याची स्वतःची व्यवस्था

पावसाळा सरता सरता दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट, लांब केस येऊ लागतात. गारठा वाढला की हे केस उभे राहतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि अंगातली ऊब बाहेर जात नाही. वरून पातळ, जड कापड पडले की केस दबतात आणि ही हवा निघून जाते. म्हणून जुनी चादर किंवा एकेरी तरट टाकलेला घोडा उघड्या घोड्यापेक्षा जास्त गारठू शकतो. झूल घालायचीच तर दबलेल्या केसांची भरपाई करील इतकी ऊबदार हवी, नाहीतर घालूच नये.

दुसरी ऊब पोटातून मिळते. वाळलेले गवत, कडबा असा तंतुमय चारा घोड्याच्या मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्यातून सतत उष्णता निघते. धान्याच्या खुराकातून तेवढी निघत नाही. म्हणून कडाक्याच्या रात्री हरभरा वाढवण्याऐवजी संध्याकाळी एक-दीड किलो कोरडा चारा जास्त टाका. 350 किलोच्या घोड्याला एरवी दिवसाला साधारण 5 ते 7 किलो कोरडा चारा लागतो, त्यावर ही वाढ धरा. चाऱ्याबद्दल एक सांगतो, कारण तो माझा विषय आहे. कडबा कोरडा आणि बुरशी नसलेला हवा, आणि कोवळी हिरवी ज्वारी किंवा कापणीनंतर आलेला तिचा फुटवा घोड्याला घालू नका. त्यात सायनाइडचा धोका असतो.

कोणाला झूल लागते

सौम्य हवामानात वाढलेल्या, धडधाकट, पूर्ण केस असलेल्या घोड्याला साधारण 5 अंशांपर्यंतची कोरडी थंडी सोसते. निफाडसारख्या ठिकाणी काही रात्री पारा त्याच्या आसपास किंवा खाली जातो, पण राज्याच्या बऱ्याच भागांत असे दिवस मोजकेच असतात. तबेला कोरडा असेल, अंगावर थेट वारा येत नसेल आणि चारा पुरेसा असेल, तर अशा घोड्याला बहुतेक रात्री झुलीशिवाय ठेवता येते. कोकणात तर तिची गरज क्वचितच पडते.

म्हातारा, हाडे दिसणारा, आजारातून उठलेला किंवा केस कातरलेला घोडा वेगळा धरा. रात्रीचा पारा 10-12 अंशांखाली जाऊ लागला की यांना झूल घालावी. नवजात शिंगराला तर 20 अंशांखालीही गारवा जाणवू शकतो. पण शिंगरू सतत उठते, बसते, उड्या मारते आणि पट्ट्यांत पाय अडकवून घेते. त्याच्यासाठी आधी जाड, कोरडे अंथरूण आणि वाऱ्याला आडोसा करा. झूल घातलीच तर रात्री कोणीतरी लक्ष ठेवायला हवे.

बाजारातून आणलेल्या घोड्याबाबत आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा. बाजारापूर्वी अंगाला चमक यावी, केस आखूड व बसलेले राहावेत म्हणून काही जण घोड्याला आधीपासून झूल घालून ठेवतात. त्या घोड्याचा हिवाळी केसांचा थर पुरेसा वाढलेला नसतो. असा घोडा घरी आणून झूल एकदम काढली तर ऐन थंडीत तो उघडा पडतो. सौदा करताना विक्रेत्याला विचारा: याला रोज झूल होती का, कधीपासून? उत्तर हो असेल तर हा हिवाळा त्याची झूल चालू ठेवा. आणि सौद्याआधी झूल काढायला लावून अंग पाहा. बरगड्या, पाठीवरचे खोगिराचे घट्टे, त्वचेवरचे चट्टे झुलीखाली लपतात. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर तिथेच थांबावे, असे माझे मत आहे.

घामेजलेला घोडा

झुलीमुळे होणारे बरेचसे त्रास ओल्या अंगातून सुरू होतात. संध्याकाळी घोडा फिरवून, नाचवून किंवा टांग्याला जुंपून आणला, अंग घामेजले आहे आणि तशीच जाड झूल चढवली, तर घाम आत कोंडतो, केस चिकटतात आणि मध्यरात्री पारा उतरला की तोच ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. आधी घोड्याला 15-20 मिनिटे हळू चालवा, गवताच्या मुठीने किंवा जाड फडक्याने अंग चोळून कोरडे करा, मगच झूल घाला. वेळ नसेल तर जुन्या लोकांची एक पद्धत अजूनही उत्तम आहे. पाठीवर गव्हाचे काड किंवा भाताचा पेंढा पसरा आणि वर सैल विणीचे गोणपाट टाकून हलके बांधा. पेंढ्याच्या पोकळीतून हवा खेळते, वाफ गोणपाटातून बाहेर निघते आणि घोडा न गारठता वाळतो. तासाभराने पेंढा झटकून कोरडी झूल चढवा.

ट्रकमधून घोडा आणताना तर जाड झूल टाळाच. उभ्याने तोल सांभाळताना आणि घाबरल्यामुळे घोड्याला घाम फुटतो. वारा अडवायला ट्रकच्या बाजूंना ताडपत्री लावा, पण वरचा भाग हवेसाठी उघडा ठेवा.

कापड आणि माप

देशी मेंढीच्या लोकरीचे घोंगडे हे आपल्याकडे मिळणाऱ्या साहित्यात सर्वांत चांगले. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब धरते आणि हवाही जाऊ देते. घोंगडे टोचते म्हणून आतून मऊ सुती अस्तर शिवून घ्या. दुहेरी गोणपाटाच्या मध्ये जुने ब्लँकेट शिवूनही स्वस्तात चांगली झूल होते. नुसती सुती गोधडी घाम पिऊन जड होते, ती नको. प्लॅस्टिकची ताडपत्री तर अजिबात नको, तिच्याखाली अंग उकडते. खताच्या किंवा कीटकनाशकाच्या रिकाम्या गोण्या धुतल्या तरी वापरू नका.

माप घेताना छातीच्या मध्यापासून खांद्यावरून आडवी टेप धरून मागे शेपटीखालच्या कडेपर्यंत मोजा. मारवाडी किंवा काठियावाडी घोड्याला ते बहुधा पावणेसहा ते सव्वासहा फूट येते. झूल लहान झाली तर छातीवर आणि खांद्यावर घासते. मोठी झाली तर मागे सरकते आणि मान पाठीला मिळते त्या उंचवट्यावर सगळा भार येतो. तिथले केस गेलेले दिसले की माप चुकले समजा. पोटाखालच्या पट्ट्यात हाताचा पंजा सहज आडवा जावा. त्याहून सैल ठेवलात तर बसता-उठताना खूर अडकतो, घट्ट ठेवलात तर काच पडतो.

झूल अंगावर थोडी पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ बसतात. आधी छातीची पट्टी, मग पोटाची, शेवटी मागच्या पायांची लावा. काढताना उलट क्रम: पायांच्या पट्ट्या सर्वांत आधी सोडा. छाती सोडली आणि पाय बांधलेलेच राहिले, तर दचकलेला घोडा मागे सरकलेल्या झुलीत अडकून पडू शकतो.

रोजची तपासणी

सकाळी ऊन आले की, साधारण आठ-नऊच्या सुमारास, झूल काढा. दुपारी 28-30 अंश होणाऱ्या दिवसात झूल अंगावर राहिली तर सकाळभर घोडा घाम गाळतो. झूल काढल्यावर खरारा करा आणि त्याच वेळी बरगड्यांवरून हात फिरवा. केस आणि कापड यांच्याआड घोडा बारीक होत गेलेला डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला कळतो.

रात्री झोपण्यापूर्वी खांद्यामागे झुलीखाली हात घाला. कोरडे व कोमट अंग म्हणजे ठीक. दमट लागले तर झूल हलकी करा. अंग गार आणि कानांची बुडेही गार, जोडीला कापरे किंवा पोट आखडून उभे राहणे असेल तर आडोसा, चारा आणि ऊब वाढवा. घोड्याचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असते. त्यापेक्षा जास्त ताप, खोकला किंवा नाकातून स्राव दिसला तर झुलीचे प्रयोग थांबवून पशुवैद्यकाला बोलवा.

झूल आहे म्हणून पाणी आणि हवेकडे दुर्लक्ष होते, ते जास्त महागात पडते. घोडा दिवसाला साधारण 25 ते 35 लिटर पाणी पितो. थंडीत गार पाणी कमी प्यायले जाते, आतड्यातला चारा कोरडा पडून अडकतो आणि पोटशूळ होतो. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून पहाटे पाणी कोमट करून द्या. तबेल्याच्या वरच्या खिडक्याही बंद करू नका. लघवीतून निघणारा अमोनिया कोंडला की घोड्याला खोकला लागतो. अडवायचा तो पाठीच्या उंचीपर्यंतचा थेट वारा. आत शिरताच तुमच्या डोळ्यांना झोंबले तर अंथरूण बदला आणि झडप उघडा.

एका घोड्याची झूल दुसऱ्याला घालू नये, बुरशीचा गजकर्ण असाच पसरतो. फेब्रुवारीत रात्री उबदार होऊ लागल्या की आधी एखादी रात्र, मग एकाआड एक रात्र असे करत दहा-बारा दिवसांत झूल बंद करा. मग ती धुऊन दोन-तीन कडक उन्हांत वाळवा, चामड्याच्या पट्ट्यांना तेल लावा आणि कडुनिंबाचा वाळला पाला घालून उंदरांच्या आवाक्याबाहेर टांगून ठेवा.