मालेगावचे दुसरे आयुष्य

एखाद्या गावाचा मूळ रोजगार बुडाल्यावर त्या गावाने जगावे कशाच्या आधारावर, हा प्रश्न आज जगभर विचारला जात आहे, आणि वेल्समधील आफानच्या खोऱ्यात, जेथे एके काळी कोळशाच्या खाणींवर सारी वस्ती पोसली जात होती, तेथे खाणी बंद पडल्यानंतर डोंगरातील वनवाटांवर सायकलस्वारांसाठी मार्ग आखून त्या वस्तीत पाहुणा आणि पैसा आणण्याचा उद्योग चालला आहे. मालेगावच्या वाट्याला हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वीच आला. परंतु त्याचे उत्तर कोण्या सरकारी योजनेने दिले नाही. ते उत्तर परमुलखातून आलेल्या कारागिरांनी दिले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पेशवाईतील मातबर सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४० साली मौसम नदीच्या काठी भुईकोट किल्ल्याचे काम आरंभिले, तेव्हापासून या गावाचे नशीब गढीशी बांधले गेले. नाशिकला गोदातीरी नारोशंकराचे देवालय उभारणारे आणि झाशीची सुभेदारी सांभाळणारे हे गृहस्थ दूरवरचे व्यवहार पाहत. त्यांच्या किल्ल्याचे बांधकाम पंचवीस वर्षे चालले आणि त्यासाठी सुरतेकडून व उत्तरेकडून कारागीर आले, असे परंपरेने सांगतात. जहागीर, शिबंदी, कचेरी आणि तिच्याभोवतीची बाजारपेठ एवढ्यावर तेव्हाचे मालेगाव उभे होते.

१८१८ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या लेफ्टनंट कर्नल मॅकडॉवेल याच्या फौजेने किल्ल्याला वेढा दिला. आतील अरब शिबंदीने असा चिवट प्रतिकार केला की कंपनी सरकारच्या फौजेचा पहिला हल्ला मोठ्या हानीनिशी परतला, आणि जूनमध्ये दारूचे कोठार उडून तटाला मोठे भगदाड पडल्यानंतरच किल्ला स्वाधीन झाला. पेशवाई संपली तशी गढीची चाकरीही संपली. इंग्रजांनी आपली छावणी वसविली, आणि शहराचा तो भाग आजही ‘कॅम्प’ या नावानेच ओळखला जातो. पण छावणीच्या जिवावर साऱ्या कसब्याने जगावे, एवढी तिची ऐपत नव्हती.

गावाला तारले ते मुंबई–आग्रा रस्त्याने. लँकेशायरच्या गिरण्यांच्या कापडाने उत्तर हिंदुस्थानातील विणकरांचा धंदा आधीच खिळखिळा केला होता. त्यावर १८५७ च्या उठावानंतरची दडपशाही आणि १८६२ चा बनारसकडील दुष्काळ असे आघात झाले, तेव्हा मऊ, आझमगड, बनारस या भागांतील मोमीन या मुसलमान विणकर जमातीतील कुटुंबे याच रस्त्याने दक्षिणेकडे निघाली. कोणी बुऱ्हाणपुरात राहिले, कोणी धुळ्यास, कोणी पुढे भिवंडीस, आणि पुष्कळ जण मालेगावात. त्यांच्यापाशी जमीनजुमला नव्हता; हातातील कसब तेवढे होते. मालेगावच्याच नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या रेशमी विणकामाला पूर्वापार राजाश्रय व सावकारांचे पाठबळ लाभले होते. या मंडळींना यांतले काहीही लाभले नव्हते. त्यांनी ज्या मुलखात पाय ठेवला, त्या मुलखाची गरज ओळखली, आणि ज्यांच्या घरच्या स्त्रियांनी कधी नऊवारी लुगडे नेसले नव्हते, ते विणकर खानदेशच्या शेतकरी स्त्रियांसाठी सुती रंगीत लुगडी विणू लागले. परक्या भूमीत परक्याचा पोशाख आपल्या हाताने घडवून तेथलेच होऊन जाण्याचे हे उदाहरण मला कोणत्याही किल्ल्याच्या इतिहासापेक्षा थोर वाटते.

सुमारे १९३५ पासून हातमागाच्या जागी यंत्रमाग येऊ लागले. ते बहुधा मोठ्या गिरण्यांनी टाकून दिलेले, जुने असत. परंतु घरच्या ओट्यामागच्या खोलीत चार माग बसले की एक कुटुंब मालक होत असे. १९५४ च्या कानुनगो समितीने हातमागांचे यंत्रमागांत रूपांतर करावे अशी शिफारस केली, आणि थोडे माग असणाऱ्यास उत्पादनशुल्कातून मिळालेल्या सवलतीने मालकीचे असे तुकडे होत गेले की धंदा वाढला तरी कारखाना वाढला नाही. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि तेथील भोंगे मंदावले, तेव्हा भिवंडी, इचलकरंजी आणि मालेगाव येथील यंत्रमागांचा खडखडाट वाढला. मुंबईच्या गिरणगावाची हानी ही या गावांची बरकत ठरली, हे कटू सत्य आहे.

त्या बरकतीची किंमतही गावाने मोजली आहे. सुताचा भाव चढला की माग थांबतो, वीज गेली की मजूर रिकामा बसतो. कोरे कापड विणण्याचे काम येथे, तर रंगाई, छपाई आणि नफ्याचा मोठा वाटा बहुतांशी परगावी. कामगारांची सुटी शुक्रवारी असते, आणि त्या सुटीत याच गावच्या तरुणांनी हाती येईल त्या सामग्रीवर ‘मालेगाव के शोले’सारखे चित्रपट घडविले, याचे कौतुक आता दूरदूर पोहोचले आहे. वृत्तपत्रांनी मात्र हे शहर दंगली आणि स्फोट यांच्याच बातम्यांतून वाचकांना दाखविले. विणणाऱ्या हातांचा इतिहास त्यात क्वचितच आला, ही त्या हातांची झालेली उपेक्षा मला बोचते.

या विणकरांना रस्त्याने आणले, पण रेल्वे मनमाडवरून गेली आणि मालेगाव बाजूला राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ३०९ किलोमीटर लांबीच्या मनमाड–इंदूर लोहमार्गास मंजुरी दिली आहे, आणि तो मालेगाव तालुक्यातून जाणार आहे. सुताच्या गाठी व कापडाचे तागे आगगाडीने जाऊ लागतील तेव्हा भाड्यातील बचत मागवाल्याच्या पदरात पडते की अडत्याच्या, हे पाहण्याचे काम महानगरपालिकेचे, सहकारी संस्थांचे आणि विणकरांचे आहे, आणि त्याची तयारी पहिला रूळ पडण्यापूर्वीच सुरू व्हावयास हवी.