कुलवृत्त आणि जुनीं दप्तरें

आपल्या घराण्याचा मूळपुरुष कोण व तो कोठून आला, हा प्रश्न धर्मग्रामांतील तरुण मंडळी आम्हांस वारंवार विचारितात. बाप्तिस्म्यांची वही उघडावी, तर ती थोड्याच पिढ्यांवर थांबते. पुढील वाट तलाठ्याच्या दप्तरांतून व फौजेच्या कागदांतून जाते.

सातबारा सर्वांस ठाऊक आहे; परंतु शोधकानें फेरफारांच्या नोंदी उलट क्रमानें वाचीत जावें. खातेदार वारला म्हणजे वारसांचीं नांवें तेथें चढतात, आणि तोंडी वंशावळींत गाळलेल्या कन्या व विधवाहि त्यांत सांपडतात. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यांत 1903 सालीं झाला. त्याहून मागें जावयाचें तर मूळ मोजणीचे कागद पाहावे लागतात : टिपण, गुणाकार बुक, शेतवार पत्रक. जुनें लिखाण मोडी असतें व नांव ‘अमका वलद तमका’ एवढेंच, आडनांव क्वचित्. एकाच गांवीं एका नांवाचे चौघे निघाले, तर शेजाऱ्याचें शेत कोणतें, ओढा कोणत्या अंगास, यावरून आपला पूर्वज ओळखावा लागतो.

हे कागद फैजपुरांत सुखानें जन्मले नाहींत. 1818 सालीं पेशवाई बुडाल्यावर खानदेश कंपनीच्या अंमलाखालीं आला. 1852 सालीं मोजणीदार साखळी घेऊन आले, तेव्हां सारा वाढेल या धास्तीनें सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूची रयत बिथरली व तिनें मोजणीस उघड विरोध केला. सरकारनें फौज आणून तो मोडला, पुढाऱ्यांस धरलें, आणि मग साखळी शेतांवरून फिरली. ज्या मोजणीस येथील पूर्वज आडवे झाले, तिच्याच कागदांत त्यांचे पणतू आज त्यांचीं नांवें शोधितात!

ज्याच्या नांवें शेतच नव्हतें त्याचें काय? त्यास फौजेचा कागद कधीं कधीं हात देतो. मराठेशाहींत शिपायाची व घोड्याची चेहरेपट्टी लिहून ठेवीत. पुण्याच्या पेशवे दप्तरांत त्या काळचे कागद रुमालांत बांधलेले आहेत. इकडे धरणगांवीं 1825 सालीं जेम्स आउट्रम यानें भिल्ल पलटण उभारली. डोंगरांतील पुष्कळ माणसें तींत चाकरीस लागलीं. भीमा कोरेगांवच्या स्तंभावर 1 जानेवारी 1818 च्या लढाईंत पडलेल्या शिपायांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत ‘नाक’ हें पद शेवटीं असलेलीं अनेक नांवें महार शिपायांचीं होत. पुढें हें ‘नाक’ घरोघरीं गळून पडलें. तेव्हां जुन्या यादींत तें दिसल्यास परकें समजून सोडूं नये. वतनी जमिनींची नोंदहि निराळी पाहावी. कनिष्ठ गांववतनें 1958 च्या कायद्यानें रद्द झालीं, तरी जुन्या पत्रकांत पाळीनें गांवकी करणाऱ्यांचा माग लागतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतहि कंपनीच्या पलटणींचीं दप्तरें आहेत; पण तेथें गोऱ्या अंमलदारांचा तपशील विपुल, देशी शिपायाचा तुटपुंजा. तेवढ्यासाठीं कोणी खर्चांत पडावें असें आम्हांस वाटत नाहीं.

आरंभ तालुक्याच्या भूमि-अभिलेख कार्यालयापासून करावा. अर्जांत हल्लीच्या गट क्रमांकासह जुना सर्व्हे क्रमांक अवश्य लिहावा. जेथें जमिनींचें एकत्रीकरण झालें तेथें आकडे बदललेले आहेत.