कल्याणच्या मुलखातले पाणी

आमच्या लहानपणी राजेश्वरला पाऊस किती झाला, याचा हिशेब विसर्जनाच्या दिवशी लागायचा. गणपती डोक्यावर घेतलेली पोरे पाण्यात किती आत जातात, हे काठावर बसलेली म्हातारी मंडळी पाहत असत. छातीएवढे पाणी असले की रब्बीची ज्वारी आणि हरभरा आला म्हणून समजा. गुडघ्याएवढे असले की मिरवणुकीचा गुलाल अंगावर तसाच घेऊन माणसे गप्प घरी परतायची. हवामान खात्याचे आकडे नंतर यायचे, आणि ते पेपरात छापून येईपर्यंत आमचा निकाल लागलेला असायचा.

हे आठवायला कारण घडले. गेल्या वर्षी मंडळातले एक कुटुंब क्रोएशियातले प्लिटविचे राष्ट्रीय उद्यान पाहून आले. एकाखाली एक अशी सोळा तळी, आणि एका तळ्यातून दुसऱ्यात पडणारे धबधबे. १९४९ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९७९ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसा यादीत घेतले. तिथे लोक हिवाळ्यात गोठलेले धबधबे पाहायला जातात आणि शरदात झाडांचे रंग पाहायला पुन्हा जातात. फोटो दाखवून झाल्यावर त्या वहिनी सहज म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही पाण्याच्या खात्यातले. आपल्याकडे असं काही आहे का हो? आपला तर दुष्काळी भाग." मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण वीस-बावीस वर्षे याच मुलखात तलाव, नाले आणि विहिरी मोजत फिरलेल्या माणसाला ते बोलणे लागले. हा लेख म्हणजे त्या वहिनींना उशिरा दिलेले उत्तर समजावे.

आधी जमिनीचा स्वभाव सांगतो. आपल्या बसवकल्याण तालुक्यात पडणाऱ्या पावसाचे दोन वाटे होतात. उत्तरेकडचे पाणी चुळकी नाल्यासारख्या ओढ्यांनी मांजरेला मिळते आणि मांजरेतून गोदावरीला. दक्षिणेकडचे मुल्लामारीत उतरते, तिथून कागिणा, कागिणेतून भीमा आणि शेवटी कृष्णा. म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या शेतांत एकाच वेळी पडलेला थेंब समुद्राला मिळताना वेगळ्या नदीच्या नावाने मिळतो. माथ्यावरचा मुलूख असल्यामुळे इथे मोठी नदी नाही. पाणी येते आणि निघून जाते. ते थांबवायचे तर माणसानेच थांबवले पाहिजे. प्लिटविच्याला तळ्यांचे बांध निसर्गाने घातले आहेत. पाण्यातला चुना शेवाळावर साचून साचून ते तयार झाले. आपल्याकडे हे काम राजांनी, संतांनी आणि पाथरवटांनी केले.

त्यातला एक राजा तर पाण्यावर लिहून गेला आहे. अकराव्या शतकात चालुक्यांनी राजधानी मान्यखेटाहून, म्हणजे आजच्या मळखेडहून, कल्याणला आणली. मळखेड कागिणेच्या काठी आहे आणि आपली मुल्लामारी त्याच कागिणेला मिळते. कल्याणला सहाव्या विक्रमादित्याने १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य केले. विज्ञानेश्वरांची 'मिताक्षरा' त्याच्याच काळात इथे लिहिली गेली. त्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. याने 'मानसोल्लास' नावाचा शंभर अध्यायांचा ग्रंथ रचला. त्याचा काळ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. मराठी माणसाला हा ग्रंथ वेगळ्या कारणाने ठाऊक असतो. त्यातल्या गाण्याच्या प्रकरणात लोकभाषांमधली पदे आहेत आणि त्यांत मराठी ओळीही आहेत, असे आपल्या वाङ्मयाचे इतिहासकार सांगत आले आहेत. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये श्रीगोंदेकरांनी संपादित केलेला त्याचा पहिला खंड १९२५ साली निघाला.

मला मात्र त्यातले पिण्याच्या पाण्याचे प्रकरण महत्त्वाचे वाटते. मी संस्कृतचा जाणकार नाही, डिप्लोमा झालेला माणूस आहे. एका निवृत्त गुरुजींनी समोर बसवून अर्थ सांगितला तेवढाच माझा अभ्यास. सोमेश्वर पाण्याच्या जाती सांगतो: आकाशातून पडलेले, नदीचे, झऱ्याचे, सरोवराचे, बांधलेल्या तलावाचे, विहिरीचे, जमीन फोडून वर आलेले. मग कोणत्या ऋतूत कोणते पाणी प्यावे, ते स्वच्छ आणि सुगंधी कसे करावे, हेही सांगतो. आमच्या खात्याच्या नोंदवहीत पाण्याला एकच रकाना असतो. याने नऊशे वर्षांपूर्वी ऋतूंचे रकाने आखून ठेवले होते! राजाच्या पाटावरचे पाणी आणि कुणब्याच्या घागरीतले पाणी एक नव्हते, हे खरेच. पण एवढे प्रकार वेगळे ओळखायला ते प्रकार आजूबाजूला दिसावे लागतात, आणि ते इथे दिसतातही.

बसवकल्याणचे त्रिपुरांतक तळे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. भाद्रपदात तिथे वारा सुटला की लाटा काठाला लागतात. चैत्रात त्याच ठिकाणी चिखलाला भेगा पडून वर गुरे चरताना मी पाहिली आहेत. बीदरला जा, तर पाण्याची तऱ्हा निराळी. तिथला पठारी भाग जांभ्या दगडाचा. जांभा स्पंजासारखा पाणी पितो आणि खालच्या काळ्या कातळावर ते अडले की बाजूने झऱ्याच्या रूपाने सोडतो. गुरुनानक झिरा आणि झरणी नरसिंह या झऱ्यांच्या मुळाशी हाच जांभा आहे. झरणी नरसिंहाला भुयारातून छातीएवढ्या पाण्यातून दर्शनाला जातात. वर वटवाघळे, कडेवर पोर, हातात नारळ. नरसिंहाने जलासुराला मारले आणि त्याचेच पाणी झाले, अशी तिथली कथा. पंधराव्या शतकात बहमनींनी राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला नेली, तेव्हा इराणी धर्तीचा कारेझ याच जांभ्यात खोदला गेला. जमिनीखालून हळू उताराने जाणारा बोगदा, आणि उजेड-हवेसाठी वर ठिकठिकाणी विहिरीसारखी तोंडे. नौबादचा कारेझ दोन किलोमीटरहून लांब आहे. मधली कित्येक वर्षे ही तोंडे कचरा टाकायची जागा झाली होती. दहा-बारा वर्षांपूर्वी तो साफ करायला घेतला, तेव्हा कुठे लोकांना कळले की पायाखाली काय आहे.

इथे माझीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झाली होती. एका गावात रस्त्याच्या कामात जुनी पायऱ्यांची विहीर आडवी येत होती. पाहणीला मी वैशाखात गेलो. टेप सोडला, तळाला कोरडा ठक्क आवाज आला. नोंदीत लिहिले, 'कोरडी, निरुपयोगी.' सही केली. लिंबाखाली बसलेले एक आजोबा म्हणाले, "साहेब, ही बाई वैशाखात झोपतीय. श्रावणात येऊन बघा की." मी गेलो नाही. आषाढ लागायच्या आत मुरूम टाकून विहीर बुजवली गेली. पुढे २०१६ चा उन्हाळा आला. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. लातूरला पाणी देणारे धरण आपल्याच मांजरेवरचे आणि ते कोरडे पडले होते. त्या दिवसांत कामानिमित्त त्या गावातून गेलो. टँकर उभा होता, भोवती घागरी, आणि जागा तीच, बुजवलेल्या विहिरीवरची. आजोबा तोवर वारले होते. एका ऋतूत पाहून मी त्या पाण्याचा निकाल लावला होता.

म्हणून आता वहिनींच्या प्रश्नाकडे. राजेश्वरहून हुमनाबाद, तिथून पुढे चिंचोळी. कलबुर्गी जिल्ह्यातले चिंचोळीचे जंगल २०११ मध्ये वन्यजीव अभयारण्य झाले. क्षेत्र १३४.८८ चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यान नव्हे, पण आत चंद्रमपल्लीचे धरण आहे, लहान बंधारे आहेत आणि एत्तिपोता नावाचा धबधबा आहे. नाव तेलुगू. तिथे कानडी, तेलुगू, लमाणी आणि आपली दखनी-मराठी एका चहाच्या टपरीवर ऐकू येतात. लांडगा, तरस, काळवीट, चौसिंगा हे तिथले रहिवासी, मात्र एका चकरेत दिसतील अशी आशा धरू नये.

मी तिथे बाराही महिने गेलो आहे. आषाढात माती नुसती भिजते, धबधबा असा नसतोच. श्रावण-भाद्रपदात सागाला पांढरा मोहोर आणि एत्तिपोत्याला गढूळ, जोरकस पाणी. खरा पाहायचा तो आश्विनात. गाळ बसलेला असतो, पाणी स्वच्छ होते आणि धारा अजून तुटलेली नसते. दिवाळीनंतर ती बारीक होत जाते. मार्गशीर्षात, माणिकनगरला दत्तजयंतीला जाणारी मंडळी वाट वाकडी करून आली, तर धरणाच्या पाण्यावर सकाळचे धुके दिसेल. फाल्गुनात पळस फुलतो. वैशाखात कातळावर फक्त पाण्याचा काळा पट्टा उरतो, आणि धरणाचे पाणी मागे सरकून बुडालेल्या झाडांचे बुंधे उघडे पडतात. बहुतेक पर्यटक एकदाच जातात आणि तेही चुकीच्या महिन्यात, मग घरी येऊन सांगतात की काही नाही तिथे. असे सांगणाऱ्यांत आमचे काही नातेवाईकही आहेत.

जंगलाच्या कडेने लमाणांचे तांडे आहेत. अभयारण्य झाल्यावर त्यांच्या गुरांचे, सरपणाचे काय, हा प्रश्न आहेच. मला त्यात दोन्ही बाजू पटतात. एका तांड्यावरच्या मावशींनी मला धबधब्याच्या वरचा एक झरा दाखवला, जो ज्येष्ठातही ओला असतो. आमच्या कुठल्याच नकाशावर तो नाही. सोमेश्वराने त्याला बरोबर रकान्यात घातले असते.

यंदा विसर्जनानंतर दोन आठवडे जाऊ दिले, की एका रविवारी मंडळातली काही कुटुंबे एत्तिपोत्याला निघत आहेत. भाकरी आणि शेंगांची चटणी घरून बांधून घ्यावी, वनखात्याच्या चौकीवर विचारल्याशिवाय आत जाऊ नये, आणि धबधब्याजवळचे दगड निसरडे असतात, तेव्हा मुलांचे हात सोडू नयेत. वहिनी, तुम्हीही चला. आणि वैशाखात मी पुन्हा जाणार आहे, तो ज्येष्ठातही ओला राहणारा झरा मोजायला. कुणाला यायचे असेल तर सांगा, टेप मी आणतो.